चार हातांचं खेळणं

"नंदामावशी, आई गेल्या," असं सविता फोनवर म्हणाली तेव्हा माझ्या कारखान्यात कटर मशीन सुरू होतं. एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर हात अशा अवस्थेत मला वाटलं, जानकी घरून निघाली. आणि निघाली म्हणजे माझ्याकडेच यायला निघाली असणार. मी ओरडून म्हटलं, "गेली ना? मग येताना माझी कानस घेऊन यायला सांग तिला, कधीची नेऊन ठेवलीय!" पलीकडून ती काय म्हणते ते कळेना. मी मशीन बंद करायला लावलं. मशीन थांबल्यावर भुसा खाली बसेपर्यंत कारखान्यात एक वेगळीच शांतता होते, त्या शांततेत तिने पुन्हा सांगितलं, "मावशी… आई गेल्या. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढली, भिंतीला टेकून बसल्या, आन् तशाच कलंडल्या." कानसेचं बोलले हे मला आजही आठवतं, आणि खरं सांगायचं तर जानकीने ते ऐकलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

सविता ही जानकीची सून. शहापूरजवळच्या आमच्या सापगावातून थोडं आत गेलं की एक वारली पाडा लागतो. जानकी तिथल्या अंगणवाडीची सेविका. माझा सापगावात दारं-खिडक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर कुणी मोठी कल्पना करून घेऊ नये. पत्र्याची शेड, दोन मशीनं, तीन कारागीर आणि आरडाओरडा करायला मी. वडील गेले तेव्हा भाऊ कल्याणला नोकरीत रमला होता, म्हणून शेड माझ्याकडे आली आणि मीही तिच्यात रमले. "तुझं लगीन नाय झालं गो, कारखाना झाला," असं जानकी म्हणायची, आणि तेही कारागिरांसमोर. असं बोलण्याचा हक्क मी आयुष्यात कुणालाच दिला नाही. तिलाही दिला नव्हता, तिने तो परस्पर घेतला. तिला जाऊन आता काही आठवडे झाले, आणि माझ्याशी असं बोलणारं माणूस उरलेलं नाही.

आमची ओळख झाली ती अंगणवाडीच्या दाराच्या बिजागरीवरून. त्या दिवसांत आमच्या बुद्धविहाराच्या छपराचं काम माझ्याकडे होतं. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या कापल्या की तिरक्या कापाचे त्रिकोणी तुकडे खूप पडतात, आणि त्यांचा ढीग आम्ही चुलीसाठी दाराशी घालून ठेवतो. अंगणवाडीची गुलाबी साडी नेसलेली एक ठेंगणी बाई बिजागरी मागायला आली आणि त्या ढिगाशीच थांबली. "याचं काय करता?" तिने विचारलं. मी म्हटलं, जाळतो. "माणसं जाळता?" ती म्हणाली. मला वाटलं, ही बाई डोक्याने जरा कमी असावी. तोवर तिने खाली बसून दोन तुकडे उचलले, एकाच्या टोकाला दुसऱ्याचं टोक लावलं, वरच्या बाजूला भुशात बोटाने एक गोल काढला, खाली दोन रेघा, बाजूला दोन रेघा. वारली चित्रातला माणूस माझ्या कारखान्याच्या दारात आडवा पडला होता. असली चित्रं मी शाळांच्या भिंतींवर, ढाब्यांच्या कंपाउंडवर कितीदा पाहिली होती. पण माझ्याच लाकडात ती असतील हे काही डोक्यात आलं नव्हतं. "तुझ्याकडं ही अर्धी अर्धी माणसं पडल्यात. मला दे, मी पुरी करते," ती म्हणाली आणि पोतं भरून घेऊन गेली. बिजागरी न्यायची राहिलीच.

तिला ते तुकडे कशाला हवे होते हे कळायला बरेच दिवस गेले. जानकीचा मुलगा आणि सविता दोघंही वाशिंदला कामाला, त्याची एक शिफ्ट आणि हिची दुसरी. त्यांची मुलगी आरोही तेव्हा तीन वर्षांची होती, आणि बोलत नव्हती. कानाने ऐकायची, सगळं समजायचं, तपासून घेतलं तर दोष काही नव्हता. पण हवं त्याकडे बोट दाखवायची आणि बसून राहायची. "अख्ख्या पाड्याच्या पोरांना मी बोलतं केलं, आन् माझ्याच घरात ही मुकी," असं जानकी एकदा म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज मला बारीक झालेला ऐकू आला. एक दिवस ती आरोहीला घेऊन कारखान्यात आली. पोरगी फळकुटावर बसून मोबाइलकडे टक लावून होती. मी, आता सगळेच देतात तोच सल्ला दिला, तो मोबाइल आधी काढून घे म्हणून. जानकी माझ्याकडे बघून म्हणाली, "नंदा, ती मोबाइल नाय मागत. ती आई मागते." सविता कंपनीत जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायची. मुलीला बघायची, पापे घ्यायची, सुट्टी संपली की चेहरा जायचा. मग कुणीतरी गाणी लावून द्यायचं आणि पोरगी ती बघत बसायची. "तिला वाटतं, आई त्याच्यातच हाय. कवा येल ते सांगता येत नाय, म्हणून नजर काढत नाय."

तिथून आमचं खेळणं सुरू झालं. जानकीच्या मनात एक गोष्ट पक्की होती: पोरांच्या हाताला काहीतरी उभारायचं काम हवं, आणि ते आपल्या भिंतीवरचं हवं. तिची आई आणि मावश्या लग्नघरात तांदळाच्या पिठाने भिंती लिहायच्या. "लग्नातला देवाचा चौक तेवढा नको, तो भिंतीवरच राहू दे. पोरांच्या पायात यायचा," ती म्हणाली. "आपण नाचणारी माणसं घेऊ." मधे तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती हातात हात धरून फेर. ठरवलं सोपं, पण करताना माझ्या नाकी नऊ आले. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडायचे ही सुतारकामातली सगळ्यात वाईट जागा, सगळा भार तिथे येतो आणि तिथेच मोडतं. मी कंबर जाड करून पाहिली. जानकीने तो माणूस हातात फिरवून बघितला आणि म्हणाली, "हा आमचा नाय, हा सापगावचा कोनतरी शेठ हाय." शेवटी टोकांत बांबूची खुंटी घातली तेव्हा कंबर बारीक राहिली आणि टिकलीही. डोक्यासाठी आधी लाकडी मणी आणले होते, पण ते पोरांच्या घशात जातील म्हणून मोठे गोळे केले. पाड्यावरच्या म्हाताऱ्या ती भोपळ्याएवढी डोकी बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मापाच्या बाबतीत जानकी म्हणजे नुसता आनंद होता. "चार बोटं ठेव," म्हणायची. तिची चार बोटं आणि माझी चार बोटं यांत जेवढा फरक, तेवढं माझं लाकूड वाया जायचं. मी तिला मोजायला टेप दिला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याची आगगाडी झाली होती आणि अंगणवाडीतली पोरं तो धरून अंगणभर फिरत होती.

हातांची रचना मात्र तिचीच. एका हाताच्या टोकाला छोटी खुंटी, दुसऱ्याच्या टोकाला भोक. एकाची खुंटी शेजारच्याच्या भोकात बसली की हात धरला गेला. पण पाय काडीसारखे, त्यामुळे एकटा माणूस उभा केला की पडायचा. दोघांचे हात जोडले तरी दोघं मिळून पडायचे. तिसरा, चौथा जोडून फेर वळायला लागला की मग कुठे ते सगळं आपल्या पायांवर उभं राहायचं. म्हणजे सुरुवातीच्या माणसांना कुणीतरी धरून ठेवणं भाग होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी जोडणं. दोन हातांत ते काम व्हायचं नाही, चार लागायचे. माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या शेडमधून डगमगणारी वस्तू कधी बाहेर गेली नाही. हे खेळणं बघून माझा जीव वरखाली व्हायचा. जानकीला मी किती वेळा सांगितलं, ती नुसतं "बघू" म्हणायची.

मी काही थांबणारी नव्हे. प्रत्येक माणसाच्या पायाखाली खाच पाडलेली एक चपटी पट्टी बसवली. माणूस खाचेत घातला की ताठ उभा. ढकलला तरी हलायचा नाही. त्याच सुमारास मुंबईचे एक गृहस्थ, ज्यांचं खेळण्यांचं मोठं दुकान होतं, कुणाच्या तरी ओळखीने बघायला आले होते. त्यांना पट्टीवालं खेळणं फार आवडलं. आजकाल घरात मूल एकटंच असतं, त्याला एकट्याला खेळता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. अंगणवाडीत आम्ही तो नवा संच नेला. पोरांनी एकेक दोन-दोन माणसं उचलली, आपापला कोपरा धरला आणि माणसं उभी करत बसली. भांडण नाही, रड नाही, आवाज नाही. मी खूश. बालवाडीत इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. जानकीकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला. "काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "ऐक ना."

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाहीये."

"त्येच तर. माणसांना पाटावर बसवून ठेवलंस तू. तुझ्या या खेळण्यात बोलायला जागाच नाय गो."

आणि तिने उठून एकेका पोराकडच्या पट्ट्या गोळा केल्या आणि पदरात टाकल्या. लगेच माणसं पडायला लागली. आधी थोडी रडारड झाली. मग कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "अरे धर ना." मग "सोडू नको!", "तू सोडलास!", "गो धर, धर!" असा जो गलका सुरू झाला तो मला माझ्या मशीनपेक्षा मोठा वाटला. आरोही एका कडेला बसली होती. तिने एका माणसाचा हात दुसऱ्याला लावला, तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग ती उठून जानकीकडे आली आणि तिचा पदर ओढला. जानकी टोपातली खिचडी हलवत होती, तिने बघितलंच नाही. पोरगी माझ्याकडे आली, माझा पदर ओढला. मी हात पुढे करणार तेवढ्यात जानकीने माझ्याकडे असे डोळे वटारले की हात जागच्या जागी राहिला. आरोही उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं. मग परत जाऊन शेजारच्या मुलीच्या पुढ्यात बसली, माणूस तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "धल."

मी जानकीचा दंड धरला. "ऐकलंस?"

"ऐकलं. गप ऱ्हा. परत बोलू दे," ती म्हणाली, आणि टोपातला डाव फिरवत राहिली. टोपातली खिचडी कधीच शिजली होती, ती उगाच हलवत होती.

एका शब्दाने पोरगी बोलायला लागली असं मी म्हणणार नाही. ती हळूहळूच बोलायला लागली, पाड्यातली सगळीच पोरं तिच्याशी बोलत होती, काही वय झालं होतं, काही आणखी काही. पण तो पहिला शब्द मी ऐकला आहे, आणि पट्ट्या मी परत कधी लावल्या नाहीत. मुंबईच्या गृहस्थांना आम्ही तसं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, नसू देत पट्ट्या, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहू या: मोबाइलपासून सुटका! हल्लीच्या आईबापांना हेच हवंय. माझी लगेच हो म्हणायची तयारी होती, कारण लाकूड मागवून झालं होतं. जानकी म्हणाली, "साहेब, माझी सून रोज त्या मोबाइलमधनंच पोरीला बघते. तिच्या घरात ह्ये असं लिवलेलं खोकं कसं ठेवू?" गृहस्थ हसले, त्यांना ती गंमत वाटली असावी. त्यांचं येणं पुढे थांबलं. मी जानकीशी आठवडाभर बोलले नाही. ती मात्र रोज येऊन माझ्याशी बोलून जात होती, मी उत्तर देत नव्हते एवढंच.

मग आमचं आम्हीच केलं. खोक्यावर तिने सांगितलं तेवढंच छापलं: 'एकट्याने खेळायचं नाही.' प्रदर्शनांत ठेवलं, ओळखीच्या अंगणवाड्यांना दिलं. मुरबाडकडच्या एका अंगणवाडीत आम्ही दोघी संच घेऊन गेलो होतो. संचात एक मोठा त्रिकोणही असायचा, आमच्या पाड्यावरची पोरं त्याची झोपडी करायची. तिथल्या पोरांनी तो सरळ उभा केला आणि म्हणाली, हा सिद्धगड. फेर त्यांनी गडाखाली मांडला. जानकी परतताना जीपमध्ये वाटभर तेच सांगत होती, जसा काही सिद्धगड तिनेच बांधून दिला होता. विकत नेणाऱ्यांचे फोन मात्र मला यायचे. एकदा डोंबिवलीहून एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "तुमचं खेळणं उभंच राहत नाही." मी म्हटलं, हो, नाही राहत. घरात आणखी कोण आहे? ते म्हणाले, माझे वडील आहेत. मी म्हटलं, मग त्यांना बोलवा, आणि फोन ठेवला. जानकीला हे सांगितलं तर म्हणाली, "नीट बोलत जा गो गिऱ्हाइकाशी," आणि मग स्वतःच इतकी हसली की खुंट्यांचा डबा सांडला.

प्रत्येक संच खोक्यात जाण्याआधी आम्ही दोघी शेडमध्ये जमिनीवर बसून जोडून बघायचो. ती धरायची, मी जोडायचे. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं राहतं. किती बोललो आम्ही त्या वेळात… वडिलांबद्दल, भावाबद्दल, मी लग्न का केलं नाही त्याबद्दल. मी कुणाजवळ काही बोलत नाही अशी माझी ख्याती आहे. त्या भुशात बसून मी बोलले, आणि हे मला तिने दिलं. तिची मी ऋणी आहे हे ती असताना म्हणाले असते तर तिने माझी चेष्टा केली असती, म्हणून आता इथे लिहिते.

जानकीच्या दिवसकार्याला पाड्यावर गेले होते. माणसं पांगल्यावर सविता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, एक इचारू? आईंचा माझ्यावर राग व्हता का?"

मी म्हटलं, "कशावरून?"

"मी कामावरून आले का त्या उठून जायच्या. रोज. मी चप्पल काढली का ह्या बाहेर. 'कोंबड्या बघून येते' म्हणायच्या. इतकी वर्षं माझ्याजवळ दोन मिनिटं बसल्या नायत मी आल्यावर. मला वाटायचं, मोबाइलवरून राग हाय. तोंडानं बोलत नायत, पण हाय."

मला ठाऊक नव्हतं हे. मग विचारलं, "ती उठायची तेव्हा आरोही काय करत असायची?"

"काय करणार… दोघी खेळत असायच्या. आजी उठली का तिचा सगळा फेर पडायचा. मग माझ्या नावानं वरडायची, आई ये, आई धर…"

एवढं म्हणून सविता थांबली. माझ्याकडे बघितलं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि उंबऱ्यावर बसून खूप रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले होते. आरोही आता तिसरीत आहे, तोंडाची टकळी थांबत नाही. खरं तर या खेळण्याचं तिचं वय राहिलेलं नाही, पण सध्या ती रोज ते काढते. तिने मला बसवलं. मी धरत होते, ती जोडत होती आणि मी नीट धरत नाही म्हणून मला ओरडत होती. दोघातिघांचे हात जुळले होते, फेर अजून वळायचा होता, तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. सविता आली. दारात वाकून तिने चप्पल काढली.

मी हात सोडले आणि उठले. "कोंबड्या बघून येते," म्हटलं.

मागे सगळं खडखडत पडलं. बाहेर कोंबड्या कधीच डालग्याखाली झाकून ठेवल्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं. आतून आरोहीने आईला हाक मारली. मी तिथेच उभी राहिले.